ह्यांच्या जुन्या रायफलीचा निकाल

आमचे हे फौजेतून निवृत्त झाले आणि साखर कारखान्यात हत्यारी रखवालदार म्हणून लागले, ते लष्कराच्या जुन्या मालातून घेतलेल्या रायफलीच्या जोरावर. यंदा गळीत सुरू होण्याआधी कारखान्याने रखवालदारांची नेमबाजी घ्यायचं ठरवलं. तिथे रायफल अडली तर नोकरी जाणार आणि हे दिवसभर घरी बसणार. सुट्टीच्या एका दिवसात हे माझे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे फॉलिन करतात. त्यामुळे रायफलीची काळजी मलाच जास्त होती.

गोळी भरायला तिचा बोल्ट मागे ओढायचा, तर त्याला आताशा दोन माणसं लागत. परवान्यावर हत्यार एकच, नवं घ्यायचं तर जुनं दुकानात द्यायचं.

"नवी घ्या," मी म्हटलं.

"लय गुणाची हाय ती. जरा तेलपाणी केलं की झालं."

स्वतःच्या गुडघ्यांबद्दलही हे असंच म्हणतात.

आम्ही दोघं रायफल घेऊन सांगलीला गेलो. तिथल्या बंदूकवाल्याने बोल्ट काढला आणि आतून लालपिवळा थर खरवडला.

"मेजर, हे काय भरलंय?"

"हळदकुंकू. आई दर खंडेनवमीला पूजा करती." जरा थांबून म्हणाले, "वर नारळाचं पाणीबी."

"म्हणजे नैवेद्य पार आत पोचलाय."

"आईला कोण सांगणार, तुमी सांगताय का?"

साफ केल्यावर बोल्ट सरसर चालू लागला. ह्यांनी माझ्याकडे अशा रुबाबात पाहिलं, जणू स्वतःच दुरुस्त केला. पण नळी आतून झिजली होती. "तशीच वापरायची तर आधी मारून बघा," बंदूकवाला म्हणाला.

दुकानामागे मातीच्या ढिगापुढे दोन कागद टांगलेले होते. ह्यांनी डाव्यावर नेम धरला. भोक उजव्याला पडलं.

"वारा हाय," हे म्हणाले.

शेजारच्या लिंबाचं पान हलत नव्हतं. दुसरी गोळी कुठे गेली ते कुणालाच सांगता आलं नाही.

दुकानात परत आल्यावर ह्यांनी रायफल पुसून टेबलावर ठेवली आणि हे नव्या बंदुकांच्या कपाटापुढे जाऊन उभे राहिले.

"तुला काय वाटतंय?"

मी पिशवीतून बाटली काढून सावकाश पाणी प्यायले. पुन्हा "नवी घ्या" म्हटलं असतं, तर जुनीच घेऊन घरी आलो असतो.

"तुम्ही म्हणाल तसं," मी म्हटलं.

"मग नवीच घेऊ. मी सकाळपासनं तेच म्हणतोय."