मला कन्नड येतं

पुण्याची पाहुणी बंगळुरूला आली की तिला तीन गोष्टी पटवून द्याव्या लागतात. इथली हवा किती छान आहे, ट्रॅफिक किती भयंकर आहे आणि आपण इथे किती रुळलो आहोत. पहिल्या दोन गोष्टी तिला विमानतळावरून घरी येतानाच पटतात. तिसरीसाठी सहल काढावी लागते.

पाहुणी म्हणजे माझी कॉलेजातली मैत्रीण. हॉस्टेलच्या एका खोलीत आम्ही चार वर्षं काढलेली. नाताळच्या सुट्टीत ती आपल्या चार वर्षांच्या लेकीला घेऊन सर्जापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटवर आली. आदल्या दिवशी मी माझ्या सात वर्षांच्या मुलाला समोर बसवून तंबी दिली होती, "मावशीसमोर फक्त मराठी बोलायचं. कन्नडचा एक शब्द नाही." कारण आमच्या घरात कसं शुद्ध मराठी चालतं, हे मी तिला फोनवर वर्षानुवर्षं ऐकवलं होतं. प्रत्यक्षात आमचे चिरंजीव ताट सरकवून "ऊटा साकु" म्हणतात, म्हणजे जेवण पुरे. शाळेच्या बसमधल्या अक्कांनी त्याला अख्खी भाषा फुकटात शिकवली होती, ती लपवायची. आणि मला आठ वर्षांत जमलेले पंधरा शब्द मात्र मिरवायचे. असा माझा थोर बेत होता.

लालबागला जायचं ठरलं. "ते तर मुंबईत ना?" मैत्रिणीने विचारलं. मी तिला माफ केलं. नवऱ्याला नेमका ऑफिसचा कॉल निघाला. त्याचे कॉल सुट्टी आणि सहल एकत्र आल्याशिवाय निघतच नाहीत. तेव्हा गाडी मीच काढली. मागच्या सीटवर दोन मुलं, चार डबे, तीन पाण्याच्या बाटल्या आणि कधीच न लागणारे जादा कपडे. पोचायला दीड तास लागला. तेवढ्यात धाकटीला दोनदा शू आणि एकदा उलटी झाली, म्हणजे जादा कपडे लागले.

बागेत अख्खं शहर आमच्याआधी येऊन बसलं होतं. मैत्रीण रात्रीच्या प्रवासाने आणि सकाळच्या उलटीने दमलेली. मी उदारपणे म्हटलं, "तू बस गं निवांत त्या खडकापाशी. मुलांकडे मी बघते." ती बसली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, आणि तो तिने हॉस्टेलमध्येही ठेवला होता, म्हणून त्यात तिची काही चूक नाही.

मी मुलांना घेऊन काकडीवाल्याकडे गेले. मैत्रिणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "अण्णा, स्वल्प खारा!" मला जरासं मीठ हवं होतं. त्याने काकडीवर लाल तिखट ओतलं. कन्नडमध्ये खारा म्हणजे तिखट, हे मला त्या काकडीनेच शिकवलं. मुलगा खुदकन हसला, पण बोलला काही नाही. मी त्याच्यावर डोळे वटारले, अण्णाला नाना खुणा करून दुसरी काकडी कापायला लावली आणि विजयी मुद्रेने वळले. मुलगा होता. धाकटी नव्हती.

आधी मी तिला हाका मारल्या. मग झाडामागे पाहिलं, बाकाखाली पाहिलं, फुग्यांच्या घोळक्यात पाहिलं. माझा आवाज ऐकून मैत्रीण धावत आली आणि माझ्याकडे बघूनच तिला कळलं. ती लेकीचं नाव घेऊन ओरडायला लागली. चार वर्षांचं पोर, त्याला ना रस्ता ठाऊक, ना इथली भाषा. आणि बागेला फाटकं किती, ते मलाही माहीत नव्हतं.

वाटेत शिट्टी फुंकणारे एक म्हातारे वॉचमन दिसले. मी मुलाचा हात ओढत त्यांच्याकडे पळाले. "अण्णा, हुडुगी! चिक्क हुडुगी! पिवळा फ्रॉक!" म्हणजे मुलगी, छोटी मुलगी. त्यांनी हात उंचावला आणि म्हणाले, "अल्ली! अल्ली इदाळे!"

मी ऐकलं, "आली! इधर आली!" जे ऐकायचं होतं तेच ऐकलं. त्यांचा हात लांबच्या झाडांकडे होता, तिकडे मी पाहिलंसुद्धा नाही. वळले आणि ओरडले, "आली गं! आली!"

मैत्रीण होती तिथेच मटकन खाली बसली. तोंडाला ओढणी लावून रडली, मग हसली. मग उठून माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "कुठेय?"

मी मागे बघितलं. मागे गर्दी होती. वॉचमन शिट्टी फुंकत पुढे गेले होते. मैत्रिणीचा चेहरा तेव्हा जसा झाला, तसा मी कुणाचाच पाहिलेला नाही.

"आई," मुलगा हळूच म्हणाला, "अल्ली म्हणजे तिकडे. ती तिकडे आहे, असं म्हणाले ते आजोबा."

"मग मघाशी का नाही बोललास?"

"तूच सांगितलंस ना, मावशीसमोर कन्नड नाही."

मी काही बोलायच्या आत मैत्रिणीने त्याचा हात धरला आणि दोघं त्या झाडांकडे पळत सुटली. मी काकडीचा द्रोण हातात घेऊन मागून.

धाकटी तिथेच होती. बाग झाडणाऱ्या दोन बायकांच्या मध्ये बसून वाळक्या पानांचा ढीग रचत होती. बायका कन्नडमध्ये बोलत होत्या, ती मराठीत उत्तरं देत होती आणि तिघींचं छान चाललं होतं. मैत्रिणीने तिला इतकं घट्ट धरलं की ती तेव्हा पहिल्यांदा रडली. माझ्या मुलाने त्या अक्कांना सगळी हकीकत सांगितली, घडाघडा, न अडखळता. मला त्यातलं एक वाक्य धड कळलं नाही.

परतताना मैत्रीण मागे मुलांबरोबर बसली. सिल्क बोर्डच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "ती दिसत नव्हती तेव्हा मी घाबरले होते, पण शोधत होते. तू 'आली' म्हणालीस आणि ती नव्हती, तेव्हा माझ्यात शोधायचीही ताकद उरली नाही."

मी माफी मागितली. सिग्नल सुटला, पुन्हा लागला, मी पुन्हा मागितली. मी हॉस्टेलात तिच्या नोट्स हरवल्या तेव्हा, तिच्या लग्नाला उशिरा पोचले तेव्हा, प्रत्येक वेळी ती "असू दे गं" म्हणाली होती. त्या दिवशी म्हणाली नाही.