कुनाचा रं तू?

कार्ले फाट्यावरच्या टपरीवाल्या मावशी गिऱ्हाइकाला कधी नाव विचारत नाहीत. चहा गाळता गाळता विचारतात, "कुनाचा रं तू?" परवा आमच्या कंपनीत आलेल्या डेन्मार्कच्या पाहुण्यालाही त्यांनी सोडलं नाही.

"ह्याचं आडनाव हान्सेन," मी सांगितलं. "म्हणजे हान्सचा मुलगा."

"बापाचं नाव हान्स व्हय?"

"नाही, हान्स कुणी जुना पूर्वज. आधी आडनाव बापागणिक बदलायचं, मग एकच कायम झालं."

"आन् लेकीला काय लावत्यात?"

"तीही हान्सेनच."

"लेक आसून मुलगा?" मावशी खळखळून हसल्या.

तेवढ्यात हायवेवरून जाणाऱ्या एसटीनं हॉर्न दिला. चालकाच्या खिडकीतून बांगड्यांचा हात हलला. मावशींनी गाळणं खाली ठेवून पदर सावरला.

"त्याला सांग, हितं मला लेकीवरनं वळखत्यात. मी त्या ड्रायवरबाईची आय."