दोन दोऱ्यांचा रस्ता

नकाशावरच्या वळणांचे अंतर मोजायला दोरा लागतो. पट्टीला सरळ रेषेखेरीज काही मोजता येत नाही आणि आमच्या भागातला रस्ता धुऱ्याधुऱ्याने, शेतांच्या बांधांवरून वळत जातो. दोरा किंचित ओला करावा, म्हणजे तो कागदाला धरून राहतो. प्रत्येक वळणावर बोटाने दाबत पुढे न्यावा, शेवटी चिमटीत उचलून प्रमाणरेषेवर ताणावा. चौथीच्या मुलांना हे एका तासिकेत जमते.

उंद्रीच्या पुढे एका वस्तीवरच्या शाळेत मी हे शिकवत असे. त्या वर्षी आमचा पट घटला होता. ठरलेल्या अंतराच्या आत दुसरी शाळा असेल तर आमची शाळा तिच्यात मिसळणार, असे वरून कळले होते. ती दुसरी शाळा नाल्यापलीकडच्या मोठ्या गावात होती. मुलांच्या घरोघरी हाच विषय चाले.

चौथीतली एक मुलगी रोज पहिलीतल्या धाकट्या बहिणीला हाताला धरून आणायची. वडिलांनी तिला सांगून ठेवले होते, "शाळा इथं हाये तोवर शिक. पल्याड गेली तं पाहू." हे तिनेच मला सांगितले, पाठ केलेली कविता म्हणावी तितक्या सहज.

भिंतीवरच्या आम्ही काढलेल्या नकाशावर तिने वस्तीपासून मोठ्या गावापर्यंत पांढरा दोरा लावला. मग न सांगता एक काळा दोरा घेतला आणि दूरच्या पुलावरून फिरवून आणला.

"काऊन वं, एवढा फेरा?" मागून एक मुलगा म्हणाला. "वरात न्यायची हाये काय?"

"पांढरा रस्ता उन्हाळ्याचा हाये. नाला आल्यावर तू काय उडत जाशीन? पुलावरूनच जा लागते."

काळा दोरा पांढऱ्याच्या दुपटीहून लांब भरला. इतकी वर्षे मी मुलांना दिशा, सूची आणि प्रमाण शिकवले. नकाशाला ऋतू असतो, हे मी कोणत्याही पुस्तकात वाचले नव्हते.

अंतर पाहायला केंद्रप्रमुख चैत्रात आले. कोरड्या नाल्यातूनच त्यांची मोटारसायकल आली. त्यांनी दोन्ही दोरे निरखून पाहिले.

"हा काळा कशाचा, बेटा?"

"पावसाळ्याचा, सर."

"म्हणजे तुमच्या वस्तीले दोन नकाशे लागतात!" ते हसले. मग मला हळूच म्हणाले, "मॅडम, मी दोन्ही अंतरं कळवतो. पण वर एकच धरतील."

त्यांनी खरोखर दोन्ही कळवली. आदेशात पांढऱ्या दोऱ्याचे, ठरलेल्या मर्यादेत बसणारे अंतर आले. ते चुकीचे नव्हते, म्हणून त्यावर बोट ठेवता येईना.

"मॅडम, माहा काळा दोरा चुकला काय?" मुलीने विचारले.

"नाही."

"मंग?"



नवे वर्ष मोठ्या गावच्या शाळेत सुरू झाले. माझीही नेमणूक तिथेच झाली. मी तिच्या वडिलांना भेटून आले, आणि त्यांनी दोघी बहिणींना पाठवले. पण नाला वाहू लागल्यावर वस्तीची मुले येईनाशी झाली. पाणी ओसरले तेव्हा नवरात्र उलटले होते.

त्यानंतर पाचवीला मी स्तंभालेख शिकवायला घेतला. वर्गाचीच महिनावार उपस्थिती, शेकड्यात. आकड्यांनी भरलेल्या तक्त्यापेक्षा उभे स्तंभ पटकन बोलतात, असे मी नेहमी सांगत आले.

"काय दिसते?"

"मधातले खांब बुटके हायेत, मॅडम."

"का असतील?"

"नाल्यापल्याडची पोरं आळशी हायेत! पाऊस आला की गोधडीत घुसतात."

वर्ग खदखदला. काळा दोरा लावणारी ती मुलगी दुसऱ्या बाकावर बसली होती. मी समजावले की स्तंभ किती ते सांगतो, का ते सांगत नाही. त्यासाठी माणसाला विचारावे लागते. आणि मी तिला विचारले. ती उठली, तिने फळ्याकडे पाहिले.

"बरोबरच काढला हाये, मॅडम," ती म्हणाली आणि बसली.

दिवाळीनंतर वडील दोघींचे दाखले मागायला आले. "रोजचं पोहोचवनं जमत न्हाई, मॅडम. मामाच्या गावाले शाळा घरामागंच हाये." मला खरे तर हायसे वाटले.

पुढे ते चिखलीच्या बाजारात भेटले. धाकटी शाळेत रमली होती.

"आणि मोठी?"

"तिच्या मामीले हाताखाली कोनी तं पाह्यजे ना, मॅडम," ते म्हणाले. आवाजात अपराधीपणा नव्हता, उद्धटपणाही नव्हता. पिशवीतले चार पेरू काढून त्यांनी माझ्या हातात ठेवले.

वर्ष संपत आले तेव्हा आम्ही तो आलेख पूर्ण करायला घेतला. तिच्यासारख्या दाखले नेलेल्या वस्तीवरच्या मुलांची नावे पटावरून कमी झाली होती, त्यामुळे शेकडा वाढला. शेवटचा स्तंभ सर्वांहून वर गेला.

"मॅडम, आपला खांब पाहा!" मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मी गणित पुन्हा तपासले. त्यात चूक नव्हती. याला वेगळा रंग द्यायचा का, असे एकाने विचारले. बाकीच्यांना दिला तोच द्या, असे मी म्हटले.