भीमेत सोडलेली गाणी

रशीदच्या मातीनंतर आठवड्यानं मी दौंडला त्याच्या खोलीवर गेलो, तर त्याच्या गाण्यांच्या कागदांचं फडताळ रिकामं. मांडवगण फराट्याहून त्याचा पुतण्या साजिद आला होता. म्हणाला, "मामा, अरबी कागद व्हते. कुणाच्या पायाखाली नको यायला, म्हणून भीमेत सोडले." किती अदबीनं सांगत होता!

रशीद आणि मी कुरकुंभच्या कंपनीत एकाच शिफ्टला. कंपनीनं त्याला काही वर्षं मलेशियाला धाडलं. लोक तिकडून टीव्ही आणतात, हा गडी गाणी घेऊन आला. मुसलमान व्यापाऱ्यांबरोबर अरबी अक्षरं त्या मुलखात गेली, पण मलय लोकांनी ती नमाजापुरती ठेवली नाहीत. प्रेमाची गाणी, सासूची गाऱ्हाणी, होडीवाल्यांची थट्टा, सगळं त्याच अक्षरांत लिहिलं. डबा खाताना रशीद सांगायचा, "अरबीत 'ङ' न्हाई. ह्यांनी 'ऐन'वर तीन ठिपके दिले आन् करून घेतला. अडतंय कुठं?" तिथल्या म्हाताऱ्यांकडून ऐकून त्यानं ढीगभर गाणी उतरवली होती. अर्थ मात्र त्याच्या डोक्यात. पावसाळा सरला की तो सांगणार, मी मराठीत लिहिणार, असं ठरलं होतं. त्याआधीच तो गेला…

राग काढायचा कुणावर? साजिदला कुराण वाचता येतं, अर्थ लागत नाही. हेही वाचलं, अर्थ लागला नाही, म्हणजे पवित्रच! रद्दीत घातलं असतं तर किलोच्या भावानं परत आणलं असतं. आदरानं बुडवलेलं कुठून आणू?

भिंतीवरची एक तसबीर तेवढी बचावली. रशीदच्या हातच्या चार ओळी, तेवढ्यांचा अर्थ त्यानं मला सांगितला होता. येणारा-जाणारा कुराणातलं काही समजून तिला हात जोडायचा, आणि रशीद दुसऱ्या कुणाला काही न सांगता मिशीत हसायचा. घे, हस आता!

परवा मांडवगणला गेलो. साजिदनं ती तसबीर आपल्या घरात लावलीय, खाली उदबत्ती. "मामा, ही कुठली दुआ हाय?" मला राहवलं नाही. सांगून टाकलं, की पोरगी होडीवाल्याला म्हणतेय, मागणी घालायला आलास, आधी पायाचा चिखल तरी धू.

साजिदनं वर तसबिरीकडं पाहिलं.

"म्हंजी… नदीत सोडलं ते बी?"

"व्हय."

त्यानं तसबीर काढली नाही. विझलेली उदबत्ती पुन्हा पेटवली आणि तिथंच खाली बसून राहिला.