गजऱ्यात एक गुलाब कमी

सिंधूबाईला बोरवाडीत भित्री म्हणणारा माणूस अजून जन्मायचा होता. नवऱ्यामागं दीड एकर फुलांची शेती एकटीनं ओढलेली बाई. झेंडूच्या वावरात निघालेला नाग तिनं काठीवर उचलून ओढ्यापलीकडं सोडला आणि परत येऊन राहिलेलं खुरपण पुरं केलं, हे गाव अजून सांगतं. पण यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आपल्याच ओसरीवर मोगरा ओवत बसलेली असताना सुई दोनदा तिच्या बोटात गेली.

समोर एक म्हातारा चहात खारी बुडवून खात बसला होता. भीती त्याची नव्हती, त्याच्यासाठी होती.

रोहिदास शिरूरकर हे नाव ज्याला ठाऊक नाही त्यानं शिरूरच्या एसटी स्टँडवर ते उघड बोलून दाखवू नये. पन्नास वर्षं तमाशात सोंगाड्या म्हणून काढलेला माणूस. गवळणीतली मावशी करावी ती त्यानंच. डोक्यावरून पदर, कमरेवर हात, केसांत हा एवढा गजरा, आणि गोकुळच्या गवळणींना मथुरेच्या बाजाराला नेता नेता सगळ्या गावाची हजामत. त्याची मावशी बघायला कोरेगाव भीमाच्या कंपन्यांतली पोरं ड्युटी बदलून येत, केडगावाहून माणसं जीप भरून येत. मोठ्या शहरात गेला असता तर कुठल्या कुठं पोचला असता, असं कुणी हळहळलं की शिरूरवाले विचारत, "मग आमच्याकडं कोन ऱ्हायलं असतं?"

सिंधूबाईनं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते पाण्याच्या टाकीआडून. तेव्हा बायका तमाशाला जात नसत. लग्नाला चार महिने झाले होते, सासर कडक होतं आणि त्या चार महिन्यांत ती एकदाही हसली नव्हती. रोहिदासची मावशी स्टेजवर आली, सरपंचाच्या चालण्याची नक्कल केली, आणि ही टाकीमागं तोंडात पदर कोंबून खाली बसली. ते उपकार ती विसरली नाही. पुढं एका यात्रेत पार्टीला गजरा पाहिजे होता म्हणून तो स्वतः तिच्या दारात आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "ताई, गावात नवीन काय?"

तेव्हापासून सत्तावीस वर्षं हे चाललं होतं. सिंधूबाई गजरा ओवायची आणि खबरी द्यायची. रोहिदासला लिहिता वाचता फारसं येत नव्हतं, म्हणून दोघांनी एक युक्ती काढली. पांढऱ्या मोगऱ्यात एकेका खबरीचं एकेक फूल. झेंडू म्हणजे सरपंच. गलांडा म्हणजे दूध डेअरीवाला. गुलछडी म्हणजे शाळेचे गुरुजी. स्टेजवर मावशी केस सावरल्यासारखं करायची, बोट फुलावर पडायचं आणि त्या माणसाची पाळी यायची. लोकांना वाटायचं, काय नखरा आहे बघा.

आणि गुलछडीनंतर गावठी गुलाब. तो सर्जेरावांचा.

सर्जेराव म्हणजे बोरवाडीचे मोठे बागायतदार, सोसायटीचे माजी चेअरमन, चारचौघांत ओठ न हलवणारा माणूस. मावशी पहिल्या रांगेकडं बोट करून विचारायची, "सर्जेराव, साखरबाईला धाडता का आमच्यासंगं मथुरेच्या बाजाराला?" सगळा मांडव वळून बघायचा. सर्जेराव फेटा नीट करत सावकाश म्हणायचे, "धाडतो मावशे. पन सांजंच्या आत माघारी आनून सोड." या दोन वाक्यांत हसण्यासारखं काय आहे ते मला विचारू नका. वीस वर्षं तेच वाक्य, तेच उत्तर, आणि वीस वर्षं लोक गडाबडा लोळत. लांबून आलेले पाहुणे तेवढ्यासाठी थांबत.

गुलाब सर्जेरावांच्या बायकोच्या, साखरबाईच्याच अंगणातला असायचा. सिंधूबाई सकाळी फूल न्यायला गेली की साखरबाई कपाळाला आठ्या घालून म्हणायची, "त्या मेल्याला सांग, यंदा माझं नाव घ्यायचं न्हाई." आणि झाडावरचा सगळ्यात टपोरा गुलाब खुडून हातात द्यायची.

दिवाळीच्या आधी साखरबाई गेली. तीन दिवस ताप आला आणि गेली. सर्जेरावांच्या वाटणीचं बोलणंही तिच्याबरोबर गेल्यासारखं झालं. मुलगा सत्यजीत मात्र उलटा तापट झाला. दशक्रियेला कुणीतरी आईच्या हातच्या रश्शाची आठवण काढून हसला तर त्यानं त्याला सगळ्यांदेखत हात धरून उठवलं होतं. यंदा यात्रा कमिटी त्याच्याकडं होती. यात्रेच्या आदल्या दिवशी तो सिंधूबाईच्या बांधावर येऊन उभा राहिला.

"काकी, खबरी तुमीच देता ना त्यांना?"

"व्हय."

"मग सांगून ठिवा. आईचं नाव स्टेजवरनं आलं तर मी तिथंच खेळ बंद करीन. म्हातारा हाय का कोन हाय, बघनार न्हाई. आन् पुढच्या सालापास्नं ऑर्केस्ट्रा."

सिंधूबाई "सांगते" म्हणाली. तिला एवढंच म्हणता आलं. कारण जे सत्यजीतला माहीत नव्हतं ते तिला माहीत होतं.

तीन वर्षांपासून रोहिदास दौंडला लेकीकडं राहत होता. थंडीत सिंधूबाई त्याला भेटून आली होती. लेक सारिका तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "मावशी, आबांना पन्नास वर्षांपूर्वीची गवळण पाठ हाय. पन सकाळी जेवले का न्हाई ते ठाऊक नसतं. डॉक्टर म्हनले, हे वाढत जानार." मागच्या यात्रेत त्यानं डेअरीवाल्याला दोनदा तोच टोमणा मारला होता आणि लोक दुप्पट हसले होते. सिंधूबाईही हसली होती. सगळ्या मांडवाला जे सोंग वाटत होतं ते सोंग नव्हतं, आणि गावात हे तिला एकटीला ठाऊक होतं.

मग बोलावलाच कशाला, असं कुणीही म्हणेल. सारिका म्हणाली होती की वर्षभर तो या एका दिवसाच्या आशेवर बसतो. ते खरंच होतं. पण सिंधूबाईनं मनाशी कबूल केलं होतं, की तिला स्वतःलाही त्याला आणखी एकदा बघायचं होतं. त्या लोभापायी आता म्हाताऱ्याचा अपमान होणार, आणि तोही त्याच्याच माणसांसमोर, या विचारानं तिला रात्री डोळा लागला नव्हता.

सकाळी तो जीपमधून उतरून चहाला बसल्या बसल्या तिनं त्याला सांगितलं. "आबा, साखरबाई वारल्या. त्यांचं नाव घ्यायचं न्हाई."

त्यानं कप खाली ठेवला. "आरं द्येवा. मला कुनी सांगितलं कसं न्हाई?" म्हणाला आणि उपरण्यात तोंड घालून रडला.

अर्ध्या तासानं त्यानं विचारलं, "साखरबाईनं गुलाब धाडला न्हाई अजून?"

तिनं पुन्हा सांगितलं. तो पुन्हा तसाच हादरला, तेच शब्द बोलला, तसाच रडला. बघवेना.

आणि आता खारी खाता खाता तिसऱ्यांदा, "सिंधू, गुलाब कुठाय गं?"

एकाच माणसाला एका सकाळी तीनदा मेल्याची बातमी कशी द्यायची? "यंदा झाड वाळलंय आबा," ती म्हणाली. गुलछडीनंतरची जागा तिनं मोगऱ्यानंच भरून काढली. फूल नाही तर बोट पडणार नाही, आणि बोट पडलं नाही तर नाव निघणार नाही, असा तिचा हिशेब. तो तिनं चार वेळा पडताळून पाहिला.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, कुस्त्यांच्या आधी, भर उन्हात होणाऱ्या तमाशाला हजेरी म्हणतात. रात्रीच्या खेळात कोण हसलं आणि कोण रुसलं ते कळत नाही. हजेरीला प्रत्येकाचं तोंड दिसतं. सिंधूबाई स्टेजच्या बाजूच्या कनातीला लागून उभी राहिली. पहिल्या रांगेत सर्जेराव, पांढरा फेटा, नजर जमिनीवर. शेजारी सत्यजीत, हातात माईक. खेळ बंद करायचा झाला तर तो माईक तयारच होता.

ढोलकी कडाडली आणि मावशी आली. नुसती आली, अजून बोललीही नाही, तर मांडवातून अशी आरोळी उठली की कनात हलली. लोक उभे राहिले. म्हाताऱ्याच्या पाठीचा बाक कुठं गेला कळलं नाही.

बोट झेंडूवर गेलं. सरपंचाची पाळी. लोक हसले. गलांडा. डेअरीवाला उठून हात जोडून पुन्हा खाली बसला. गुलछडी. गुरुजींनी टोपी तोंडावर ओढली. सिंधूबाई एकेक फूल मोजत होती. आता गवळणींकडं वळा आबा, आता म्हणा, चला गं पोरींनो.

मावशीचं बोट पुढं सरकलं, मोगऱ्यावर आलं आणि थांबलं.

ते मागं गेलं. गुलछडी. पुन्हा पुढं. मोगरा. मावशीच्या कपाळावर आठी पडली. सिंधूबाईच्या त्या क्षणी ध्यानात आलं की आपण काय करून बसलो. वीस वर्षं त्या बोटाला तिथं गुलाब लागत होता. तिथं दुसरं कुठलं फूल असतं तर बोट कदाचित त्यावरून पुढं गेलं असतं. नुसताच मोगरा होता, म्हणून अडलं.

"बघा बाई," मावशी कमरेवर हात ठेवून मांडवाला म्हणाली, "आमची फुलवाली म्हातारी झाली. गुलाब ओवायचा इसरली. तिला वाटलं, गुलाब न्हाई म्हंजी मी सर्जेरावाला सोडीन."

हसू अर्धं उठलं आणि बसलं.

"सर्जेराव, साखरबाईला धाडता का आमच्यासंगं मथुरेच्या बाजाराला?"

हजार माणसांच्या मांडवात फक्त जनरेटरचा आवाज. ढोलकीवाल्यानं हात आवरला. सत्यजीत उभा राहिला, त्याची खुर्ची मागं पडली आणि माईक तोंडाकडं निघाला. स्टेजवर रोहिदास हसऱ्या तोंडानं उत्तराची वाट बघत होता. उत्तर येईना तसं ते हसू हळूहळू उतरलं आणि त्याजागी असं काही आलं की सिंधूबाईला ते बघवेना. वाट चुकलेलं लेकरू बाजारात उभं असतं, तसा तो उभा होता. आपलं काय चुकलं ते त्याला आठवत नव्हतं, पण चुकलंय एवढं कळलं होतं. त्याचा हात पुन्हा गजऱ्याकडं गेला आणि चाचपडत राहिला.

सिंधूबाईनं कनात वर केली. गाव काय म्हणेल ते म्हणो, स्टेजवर चढायचं आणि त्याला धरून आत आणायचं. एक पाय तिनं फळीवर ठेवलासुद्धा.

तेवढ्यात सर्जेरावांनी बसल्या जागेवरून पोराचं मनगट धरलं. धरून खाली ओढलं. मग दुसऱ्या हातानं फेटा नीट केला.

"धाडतो मावशे," ते म्हणाले. आवाज फाटका निघाला. खाकरून त्यांनी पुढचं म्हटलं. "पन सांजंच्या आत माघारी आनून सोड."

कुणीतरी हुंदका दिला. मग कुणीतरी हसलं, आणि मग सगळा मांडव एकदमच हसला, डोळे पुसत. मावशीच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "सोडते की," ती पदर उडवत म्हणाली, "चला गं पोरींनो," आणि ढोलकी सुरू झाली. सत्यजीत माईक मांडीवर ठेवून खाली मान घालून बसला होता. बापानं त्याचं मनगट खेळ संपेपर्यंत सोडलं नाही.

खेळानंतर राहुटीत रोहिदास लुगडं सोडून खाटेवर बसला होता. सिंधूबाई त्याच्या केसांतला गजरा काढत होती.

"सर्जेरावाचा आवाज बसला व्हता गं आज," तो म्हणाला.

"सर्दी झालीया आबा."

मागं कनात सरली. सर्जेराव वाकून आत आले. सिंधूबाई उठून उभी राहिली आणि पदर घेत म्हणाली, "दादा, चुकी माझी. मी त्यांना सांगितलं व्हतं, पर..."

त्यांनी हातानंच थांबवलं. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी काहीतरी काढलं. उन्हानं आणि खिशातल्या उबेनं मान टाकलेला एक गावठी गुलाब होता.

"फाटंपास्नं खुडून वाट बघत बसलो," ते म्हणाले. "तू न्यायला आलीच न्हाईस. सहा म्हैन्यांत घरात कुनी तिचं नाव घेत न्हाई. मी म्हनलं, यात्रंला तरी कुनी घील."

रोहिदासनं हात पुढं करून फूल घेतलं, नाकाशी नेलं. त्याचं तोंड उजळलं.

"साखरबाईनं धाडला?"

सर्जेरावांनी सिंधूबाईकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"व्हय," ते म्हणाले, आणि खाटेच्या कडेला त्याच्या शेजारी बसले. "यंदा उशीर केला तिनं जरा."

सिंधूबाईनं गजऱ्याची गाठ सोडली आणि गुलछडीनंतर जागा करून गुलाब ओवला.