घरातलाही नको

मागं आळेफाट्याला बायकांची सभा झाली. वेड्यांच्या दवाखान्यांचा कायदा बदलायचाय, तुमचं म्हणणं सांगा, असं पुण्याच्या एका बाईंनी विचारलं. मी उभी राहिले अन् म्हटलं, तक्रार ऐकणारा माणूस दवाखान्याचा नसावा, आणि घरातलाही नसावा. बाया हसल्या. दवाखान्याचा नको हे पटलं त्यांना, पण घरातला का नको? म्हणून सांगितलं, तेच इथं लिहिते.

माझी धाकटी बहीण पिंपरी पेंढारला दिलेली. बाळंतपणानंतर तिचं चित्त फिरलं, तर सासरच्यांनी शहरातल्या दवाखान्यात नेऊन टाकली. मी अन् थोरला भाऊ एसटीनं भेटायला जायचो. एकदा आम्हा दोघांपुढं ती हळूच बोलली.

"आक्के, ती आया न्हाणीत उभी करून पायपानं गार पाणी मारती. रडलं तर तोंडात फडकं कोंबती. म्होरल्या आठवड्यात तपासणीचा साहेब येनारे, त्याला सांगनार मी. तुमी या. मी येडी, माझं एकटीचं कोण खरं मानंल?"

भाऊ माझा भला माणूस. कोणाशी बिनसलं की काहीतरी हातात घेऊन त्याच्याच दारात जायचं, ही आमच्याकडची रीत. बहिणीसाठी आणलेली टोमॅटोची पिशवी त्यानं उचलली अन् मी उठेपर्यंत आयेपुढं ठेवलीसुद्धा.

"मावशी, आमची पोर साहेबाला तुमचं काय बाय सांगनार म्हनती. मनावर घेऊ नका, येडी हाय ती."

"न्हाई वो दादा, मी कशाला राग धरू?" आया हसत म्हणाली.

पुढच्या आठवड्यात गेलो, तर बहिणीचं डोकं भादरलेलं, ओठ फुटलेला. "उवा झाल्या व्हत्या," आयेनं न विचारता सांगितलं. साहेब आला. आया खाटेला टेकून उभी.

"काही तक्रार?"

"न्हाई साहेब. मावशी आईवानी हाय."

"साहेब, हिनं आम्हाला सांगितलंय," मी म्हटलं.

साहेबानं आयेला विचारलं, "ह्या कोण?"

"तिची भन. त्यांच्या घरातच येड हाय वो थोडं."

साहेब पुढच्या खाटेकडं गेला. भाऊ माझ्या कानाशी म्हणाला, "बघ, गोडीत मिटलं का न्हाई."

मी बहिणीला विचारलं, "जेवलीस का गं?"

तिनं आधी आयेकडं पाहिलं.