मास्तरांच्या पायाचा अंगठा

आमच्या शेजारचे कटिंग मास्तर उद्या देवाला भेटले, तर नमस्कार करायच्या आधी त्याची कंबर मोजतील, याबद्दल उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात कोणाचंही दुमत नसावं. जीन्सच्या कारखान्यात तीस वर्षं कापड कापल्यामुळे त्यांना माणसं नावानं नाही, मापानं लक्षात राहतात. "वहिनी, तुमच्याकडे छत्तीसवाला येऊन गेला," असं ते आईला सांगायचे, आणि गॅसवाला येऊन गेला हे आईलाही बरोबर कळायचं. गळ्यातली टेप ते लग्नात काढत नाहीत आणि मयतालाही काढत नाहीत. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, म्हणून माझं नाव त्यांनी 'कॉलेज' ठेवलं. "ए कॉलेज, दोन मीटर म्हणजे किती इंच?" असं जिन्यात अडवून विचारायचे, मी मनातल्या मनात गुणाकार करेपर्यंत स्वतःच उत्तर द्यायचे, आणि वर म्हणायचे, "मग शिकवतात काय तुला तिथे?"

कोरोना आला तेव्हा सगळे घाबरले, मास्तर मात्र कामाला लागले. रेशनच्या दुकानासमोर रांगेसाठी आखलेले गोल त्यांनी टेप लावून तपासले. दोन गोलांमधलं अंतर दर ठिकाणी दोन इंच कमी निघालं. मग भर उन्हात रांग तशीच थांबवून त्यांनी सगळे गोल पुसले आणि आपल्या खडूनं पुन्हा आखले. चाळीत घरटी चार मास्क शिवून वाटले, तेही जीन्सच्या कापडाचे, डबल शिलाई मारलेले, उजव्या गालावर छोटा खिसा असलेले. मी भीत भीत म्हटलं, "मास्तर, यातून हवासुद्धा आत येत नाही." ते म्हणाले, "हवा नाही येत, तर कोरोना काय येणार? पक्कं काम आहे!" खिसा कशाला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आणि दुसऱ्या लाटेत कोरोना झाला तो नेमका मास्तरांनाच. त्यांची बायको वारून बरीच वर्षं झाली होती. मुलगा बदलापूरला, खरवईत राहतो. त्याच्या घरात तेव्हा महिन्याचं बाळ होतं. तो येतो म्हणाला, तर मास्तरांनी फोनवरच दम भरला, "इकडं आलास तर पाय कापीन. दोन्ही सारखे कापीन." आई त्यांच्याच कारखान्यात पॅन्टींचे धागे कापते, आणि आम्हा दोघींना आदल्याच महिन्यात कोरोना होऊन गेला होता. त्यामुळे त्यांना सांभाळायचं काम न विचारता आमच्याकडे आलं. हॉस्पिटलं भरलेली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की घरीच ठेवा, ऑक्सिजन मोजत राहा, चौऱ्याण्णवच्या खाली गेला तर कळवा, आणि बोटं निळी दिसली तर अजिबात थांबू नका. मी वहीत लिहून घेतलं आणि शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा ओढल्या.

मग मास्तरांच्या बोटाला मशीन लावलं. त्र्याऐंशी. बोटं बघितली तर निळी. आईनं त्यांची पिशवी भरायला घेतली, आणि मास्तर मात्र, बाहेर जायचं म्हणजे इस्त्रीची पॅन्ट पाहिजे, म्हणून खोकत खोकत ट्रंक उघडून बसले. मी डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, बोटं निळी आहेत!"

"कधीपासून?"

मी दारातून ओरडून विचारलं, "मास्तर, बोटं निळी कधीपासून आहेत?"

"लग्नाच्या आधीपासून," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी विचारलं, "हे काम काय करतात?" मी सांगितलं. "अहो, तो कापडाचा रंग आहे. तीच बोटं मशीनमध्ये घालून कसं चालेल? पायाच्या अंगठ्याला लावून बघा." पायाच्या अंगठ्याला लावलं, तर पंच्याण्णव. लहानपणापासून माझ्या आईच्या आणि मास्तरांच्या बोटांवर बसलेला रंग मी रोज बघत होते, आणि ऐन वेळी मलाच तो आठवला नाही. मास्तर हिरमुसले. इस्त्रीची पॅन्ट परत ट्रंकेत गेली.

त्या दिवसापासून सकाळ, दुपार, संध्याकाळ हा सोहळा सुरू झाला. मास्तरांनी दारात खडूनं दोन रेघा मारल्या होत्या. आतली त्यांची, बाहेरची आमची, आणि मधली जागा 'मार्जिन'. ते खुर्चीवर बसून पाय मार्जिनमध्ये सोडायचे आणि मी वाकून अंगठ्याला मशीन लावायची. आता मुलगी पायाशी वाकली की आशीर्वाद द्यायचा, ही त्यांची जुनी सवय. ती कोरोनानं कशी सुटणार? चौऱ्याण्णव आला तर "पास हो." पंच्याण्णवला "सेकंड क्लास हो." शहाण्णवला "फर्स्ट क्लास हो, नोकरीला लाग." एकदा सत्त्याण्णव आला, तर त्यांनी मला थेट कलेक्टर केलं. बाकी पेशंट म्हणून ते भयंकर होते. "वहिनी, पेज सैल झाली, अर्धा इंच आत घ्या," म्हणायचे. वाफ घ्यायला टॉवेल दिला तर डोक्यावर घ्यायच्या आधी त्याची शिलाई उलटून बघायचे आणि शिवणाऱ्याला शिव्या द्यायचे.

सहाव्या दिवशी दुपारी मी वाकून अंगठ्याला मशीन लावलं. मशीनवर एकोणनव्वद होतं.

"किती?" मास्तरांनी विचारलं. मला खोटं बोलता आलं नाही. मी सांगितलं. माझ्या डोक्यावर नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता, तुटका तुटका.

डॉक्टर फोनवर म्हणाले, पालथं झोपवा, अर्ध्या तासात चढला नाही तर मिळेल तिथे न्या. मिळेल तिथे म्हणजे कुठे, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आईनं खरवईला फोन करून मुलाला गाडी बघायला सांगितलं. इकडे मास्तर अडून बसले. "मी... बाईमाणसांसमोर... पालथा पडायचा नाही." आई चिडली, "मास्तर, जीव जाईल तुमचा!" पण ते मान हलवत राहिले. मला काय सुचलं कोण जाणे. मी विचारलं, "मास्तर, मार्किंग करताना कापड कसं ठेवता?"

"उलटं."

"का?"

"सुलट बाजू... खराब होऊ नये म्हणून."

"मग?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हे कॉलेजात शिकवतात?"

"नाही. तुम्हीच शिकवलंत."

मास्तर हळूहळू पालथे झाले. आईनं छातीखाली जीन्सच्या चिंध्यांची उशी सरकवली. मी दोन्ही रेघा ओलांडून त्यांच्या पायाशी जाऊन बसले आणि अंगठा धरून आकडा बघत राहिले. नव्वद. पुन्हा एकोणनव्वद. नव्वद. एक्क्याण्णव. आई दारात उभी राहून नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती. अर्धा तास उलटून गेला, तेव्हा मी म्हटलं, "मास्तर, त्र्याण्णव." मग उशीतून दबलेला आवाज आला, "काठावर... पास हो." मी दहावीला चांगले मार्क मिळवले तेव्हाही रडले नव्हते. त्या दिवशी काठावर पास झाले आणि ढसाढसा रडले.

मास्तर वाचले. पण दम पहिल्यासारखा राहिला नाही, दिवसभर टेबलाशी उभं राहणं जमेना, तेव्हा मुलगा त्यांना खरवईला घेऊन गेला. परवा मी भेटायला गेले होते. टेप गळ्यात होतीच. नातवाची उंची भिंतीवर खडूनं दर रविवारी मांडलेली होती. मग मी मास्तरांचे हात बघितले. बोटं स्वच्छ होती. निळी बोटं दिसली तर फोन करायचा असं मी वहीत लिहून घेतलं होतं. अशी दिसली तर काय करायचं, ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

माझ्या खांद्यावर जीन्सच्या कापडाची नवी पिशवी होती. त्यांनी ती ओढून घेतली, दोन बोटांत चोळली आणि म्हणाले, "फसवलं तुला, कॉलेज. रंग कच्चा आहे." बोटांच्या टोकांना निळा रंग लागला होता. आतून सूनबाईंनी हाक मारली, "बाबा, हात धुऊन घ्या, पान वाढलंय." "आलो," ते म्हणाले, आणि बोटं बघत तसेच बसून राहिले.

निघताना मी पाया पडायला वाकले.

"किती?" वरून आवाज आला.

"अठ्ठ्याण्णव."

"मशीन कुठंय?" मास्तर म्हणाले, आणि ती निळी दोन बोटं माझ्या ओढणीला लागू नयेत म्हणून जपून वर धरून, बाकीचा हात त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला. "असू दे. पास हो."